डाव्या बुटाचं टोक

१

निवेदकानं प्रश्न वाचला, पर्याय सांगायला श्वास घेतला, आणि त्याआधीच त्या मुलीनं उत्तर देऊन टाकलं. उत्तर बरोबर होतं. सगळा घोटाळा तिथेच झाला.

‘नवलाची पोतडी’ हा रेडिओवरचा कार्यक्रम तुम्ही ऐकला नसेल तर थोडक्यात सांगते. दर आठवड्याला काही स्पर्धक, थेट प्रक्षेपण, आणि प्रश्न असे की ऐकणाऱ्याचा घास हातातच राहावा. ऑक्टोपसला हृदयं किती? तीन. रेडिओच्या नाटकात घोड्याच्या टापा कशाच्या वाजवायचे? नारळाच्या करवंट्यांच्या. ग्रीक पुराणातला शंभर डोळ्यांचा पहारेकरी मेल्यावर त्याचे डोळे कुठे गेले? मोराच्या पिसाऱ्यावर. हे सगळे प्रश्न एकच माणूस काढायचा. त्याचं नाव कधी रेडिओवर आलं नाही. केंद्रात सगळे त्यांना प्रश्नकाका म्हणायचे.

त्या दिवशीचा प्रश्न असा होता : एका बेटावर, असं म्हणतात की, दूर गेलेलं माणूस परत यावं म्हणून घरचे लोक दाराशी एक वस्तू ठेवत, ती कोणती? पर्याय होते दिवा, मिठाची वाटी, दोरीची गाठ आणि डावा बूट. मुलगी म्हणाली, डावा बूट. ती पुढेही काहीतरी बोलत होती, पण टाळ्या पडल्या आणि निवेदकानं तिला गप्प केलं.

हरलेल्यांत एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी वाचनालयं पालथी घातली, ओळखीच्या प्राध्यापकांना भंडावून सोडलं, आणि शेवटी आमच्या संचालकांच्या टेबलासमोर येऊन बसले. असं बेट नाही, अशी प्रथा नाही, जगातल्या एकाही पुस्तकात या बुटाचा पत्ता नाही, असं त्यांचं म्हणणं. संचालकांनी स्वतः शोधून पाहिलं. शिक्षकांचं खरं निघालं.

म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी याच केंद्रात पडताळणीचं काम करायचे. भाषणं, बातम्या, शेतीची माहिती, काहीही माझ्या हाताखालून गेल्याशिवाय हवेत जायचं नाही. लोक माझ्या पाठीमागे मला शंकासुर म्हणायचे, आणि प्रश्नकाका तोंडावर म्हणायचे. त्यांचे प्रश्न तेवढे माझ्याकडे येत नसत. त्यांचं कधी चुकलंच नव्हतं ना.

“जे खरंच नाही ते कुणाला माहीत असणार?” संचालक म्हणाले. “ते फक्त त्या प्रश्नाच्या कार्डावर होतं. म्हणजे कार्ड तिनं पाहिलं. दाखवलं कुणी, एवढंच मला हवंय. पुढच्या कार्यक्रमात मला नाव जाहीर करावं लागेल.”

मी विचारलं, काका काय म्हणतात? काकांना त्यांनी घरी बसवलं होतं, त्या मुलीला भेटायचं नाही अशी ताकीद देऊन. आणि काका मूग गिळून बसले होते. माझं चुकलं, मला काढून टाका, एवढंच बोलले. संचालकांच्या मते ही कबुलीच होती. मला ते पटेना. मी काकांना इतकी वर्षं ओळखत होते, आणि हा माणूस असा गुपचूप बदनाम होऊन घरी जाणार या कल्पनेनंच मला राग आला होता.

२

आधी निवेदकाला गाठलं. कार्डं त्याच्या हातात कार्यक्रमाच्या आधी पडतात, तेव्हा पहिली शंका त्याच्यावरच. त्यानं कानांवर हात ठेवले. मी नुसतीच त्याच्याकडे बघत बसले, तशी त्याची पाचावर धारण बसली आणि त्यानं आपणहून सांगून टाकलं की त्या दिवशी चहा घेताना तो कार्डं कॅन्टीनच्या टेबलावर विसरला होता. धावत परत गेला तेव्हा ती तशीच होती, पण मधल्या वेळात कुणी पाहिली असतील तर देव जाणे.

“पण काका असं करतील?” तो म्हणाला. “त्या माणसाला आहे कोण? एक मुलगी होती, ती भांडून गेली. तेव्हापासून घर आणि प्रश्न, बस्स.”

मुलीचं मलाही अर्धवट माहीत होतं. काका त्याबद्दल कधी बोलत नसत आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

जाता जाता निवेदकानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला मुळीच आवडली नाही. त्या स्पर्धक मुलीला आधीची तारीख दिली होती. ती तिनं नाकारली. मला हाच आठवडा हवा, म्हणून अडून बसली. संचालकांना हे कळलं होतं, आणि त्यांच्या दृष्टीनं चोरी इथेच पकडली गेली होती. नेमक्या याच आठवड्यात हा प्रश्न येणार हे तिला आधीपासून माहीत होतं.

ती मुलगी एका मोठ्या धुलाईघरात इस्त्री करायची आणि त्याच्याच माडीवरच्या खोलीत राहायची. जिना वाफेनं दमट झालेला. मी वर गेले आणि दारातच कशाला तरी अडखळले. पाहते तर एक बूट. पुरुषाचा, तपकिरी, जुनापुराणा, पुढे चामड्याचं ठिगळ लावलेला, डाव्या पायाचा. मुलगी लगबगीनं पुढे आली, तिनं बूट उचलला आणि पुन्हा होता तसा सरळ लावून ठेवला. मग माझ्याकडे बघून ओशाळून हसली. मी मनात म्हटलं, भाबडी दिसते, रेडिओवर जिंकली म्हणून आता स्वतःच्याच दाराशी बूट ठेवला हिनं.

खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर अंथरूण, दुसरी उघडी. मी तिला सरळच विचारलं, हे उत्तर तुला कुठून कळलं?

“मैत्रिणीनं सांगितलं होतं.”

“ती कुठे भेटेल?”

“नाही भेटणार, मावशी. ती गेली. गेल्या हिवाळ्यात. छातीचं दुखणं होतं तिला.”

मेलेल्या माणसाची साक्ष काढणं किती सोयीचं असतं हे मला ठाऊक आहे. मग मी आठवड्याचं विचारलं. ती म्हणाली, त्या आठवड्यात मैत्रिणीचा वाढदिवस असतो, आणि जायचं झालं तर त्याच आठवड्यात जा, असं तिनं वदवून घेतलं होतं. का, ते तिनं सांगितलं नाही. बोलताना मुलीचे डोळे भरून आले. डोळे भरून आलेले मी पुष्कळ पाहिलेत, त्यामुळे मी तेवढ्यावर विरघळले नाही.

निघताना सहज विचारल्यासारखं विचारलं, टाळ्या पडल्या तेव्हा तू पुढे काय सांगत होतीस?

“टोकाचं सांगत होते. बुटाचं टोक घराच्या आत करायचं. बाहेर केलं तर माणूस आणखी लांब जातं.”

मी बरं म्हणून निघाले, अर्धा जिना उतरले, आणि कठडा धरून तिथेच उभी राहिले. कार्ड मी स्वतः वाचलं होतं. कार्डावर टोकाबद्दल एक अक्षर नव्हतं.

३

ज्यानं चोरून कार्ड पाहिलं, त्याला कार्डाएवढंच माहीत असणार. या मुलीला कार्डापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणजे तिनं कार्ड पाहिलं नव्हतं. कार्ड आणि मुलगी, दोघांनी पाणी एकाच विहिरीतून आणलं होतं. ती विहीर कोणती हे एकालाच सांगता आलं असतं, आणि तो तोंड उघडायला तयार नव्हता.

काकांच्या घरी पुस्तकांशिवाय काही नव्हतं. खुर्चीवर पुस्तकं, खिडकीत पुस्तकं. त्यांनी चहा केला, पण साखर घालायला विसरले. मी संचालकांचं म्हणणं सांगितलं, माझी बाजू सांगितली, थोडी रागावलेही. ते ऐकून घेत होते, पण त्यांना नोकरीचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना भलतंच काहीतरी हवं होतं.

“ती मुलगी दिसते कशी गं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, अगदी तरुण आहे, बुटकी, हसली की खळी पडते. त्यांचा चेहरा उतरला. मग पुन्हा उजळला. “कुणी पाठवलं तिला? काही बोलली का? कुणी निरोप दिलाय का?”

त्या आवाजात इतकी आशा होती की मला त्यांच्याकडे बघवेना. मी नजर वळवली, ती फडताळावर गेली. तिथे दोन जाड कोशांच्या मध्ये एक बूट ठेवलेला होता. तपकिरी, जुना, पितळी भोकांचा, लख्ख पॉलिश केलेला. पुढच्या बाजूला चामड्याचं ठिगळ. एकच, आणि उजव्या पायाचा.

याचा जोडीदार मी त्या माडीवर पाहिला होता. तरी खात्री करून घ्यायची माझी खोड जात नाही.

“काका,” मी म्हटलं, “दाराशी डावा बूट ठेवायचा. टोक कुठे करायचं?”

त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“आत,” ते म्हणाले. “पण हे तुला कुणी सांगितलं? हे फक्त तिला माहीत आहे.”

अजून थोडं तपासायचंय म्हणाले आणि तिथून चक्क पळ काढला.

४

केंद्राच्या तळघरात जुनी ध्वनिमुद्रणं असतात. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन बसले आणि दरवर्षीचा तो एकच आठवडा काढून ऐकला.

काकांना ‘असं म्हणतात’ या शब्दांचा भयंकर तिटकारा होता. एकदा कुणाच्या तरी भाषणात मी ते राहू दिले होते, तेव्हा त्यांनी मला चारचौघांत झापलं होतं. कोण म्हणतात, त्यांचं नाव घाल, नाहीतर वाक्य काढून टाक, म्हणून. आणि इथे, दरवर्षी त्याच आठवड्यात, एका प्रश्नात ते शब्द बसलेले होते. असं म्हणतात की वारूळ बांधताना मुंग्या एक खोली पाहुण्यांसाठी रिकामी सोडतात. असं म्हणतात की दीपगृहाचा रखवालदार आपल्या मुलीच्या वाढदिवसाला दिवा एकदा उलटा फिरवतो. असं म्हणतात की घर हरवलेल्या गोगलगाईला दुसरी गोगलगाय पावसात सोबत करते. सगळं धादांत खोटं, आणि सगळं एखाद्या पोराला झोपवताना सांगावं असं. स्पर्धकांपैकी एकालाही उत्तर येत नसे, निवेदक बरोबर उत्तर वाचून दाखवी आणि पुढे जाई.

मी उठले ती थेट धुलाईघरात गेले. मुलगी कामावर होती. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि आम्ही कपड्यांच्या गाठोड्यांवर बसलो. मी म्हटलं, तुझ्या मैत्रिणीबद्दल सगळं सांग, आणि त्या बुटाबद्दलही.

ती सांगत गेली. मैत्रीण तिच्याच टेबलावर इस्त्री करायची. वयानं बरीच मोठी. बायका तिला चालतं वाचनालय म्हणायच्या, कारण चादरीची घडी घालता घालता तिचं सुरू असायचं, समुद्रघोड्यात नर पोटुशी राहतो, मध कधी नासत नाही. बायका हसायच्या आणि ऐकायच्याही. खोलीत राहायला आली तेव्हा तिच्या पिशवीत चार कपडे होते आणि तो एक बूट. पहिल्या दिवशीच तिनं तो दाराशी लावला. वडिलांचा आहे म्हणाली. ते येईपर्यंत हलवायचा नाही.

“आणि वाढदिवसाच्या आठवड्यात?”

“तेव्हा ती सगळ्यांना गप्प बसवायची आणि रेडिओ मोठा करायची. एका प्रश्नाला ती पर्याय ऐकायचीच नाही, आधीच मोठ्यानं उत्तर द्यायची. मला म्हणायची, हा प्रश्न पुस्तकात नसतो, पण खरा असतो. मग रेडिओ बंद करून टाकायची. पुढे दिवसभर कुणाशी बोलायची नाही.”

“अगं, मग घरी का गेली नाही ती? निदान पत्ता तरी कळवायचा.”

“मी किती वेळा म्हटलं, मावशी. तर म्हणायची, ते येतील. त्यांना सगळं माहीत असतं.”

मुलगी हे सहज बोलून गेली. मला मात्र तिथे त्या वाफेत बसून रडू फुटलं, आणि मला का रडू येतंय हे त्या बिचारीला कळेना.

५

कुणीतरी सांगायचं होतं, आणि ते माझ्याच वाट्याला आलं होतं. मी काकांच्या घरी गेले, त्यांना खुर्चीत बसवलं, हात हातात घेतला आणि सांगितलं. गोल गोल बोलले नाही. ती गेली, काका. गेल्या हिवाळ्यात. या मुलीच्या खोलीत राहत होती, हिनंच तिचं सगळं केलं.

ते ओरडले नाहीत की काही नाही. नुसते मान हलवत राहिले. मग आपणहून बोलायला लागले.

मुलगी लहान असताना ते सारखे फिरतीवर असायचे. निघायच्या वेळी ती त्यांचा डावा बूट लपवायची. मग त्यांनी ती बेटाची गोष्ट रचली. लपवू नकोस, दाराशी ठेव, टोक आत कर, म्हणजे मी नक्की येतो. ते दुसरे बूट घालून जायचे आणि परत येऊन आधी त्या बुटाला हात लावायचे. अशा किती गोष्टी. आई नसलेलं पोर, रात्री झोपेना, हे सांगत बसायचे. तिला सगळं खरं वाटायचं, कारण वडील खोटं बोलतच नसत. पुढे कॉलेजच्या एका स्पर्धेत तिनं त्यातल्याच चार गोष्टी मोठ्या तोऱ्यात सांगितल्या आणि अख्खं सभागृह हसलं.

“रडत घरी आली. म्हणाली, तुम्ही मला खोटं शिकवलंत. मी तेव्हाच पाया पडायला हवं होतं पोरीच्या. पण मला लाज वाटली, माझी मुलगी चारचौघांत चुकली याची. मी म्हटलं, गोष्ट कुठली नि माहिती कुठली, एवढीही अक्कल नाही तुला? ती निघून गेली. किती शोधलं गं मी. मग मला हे सुचलं. ज्या उत्तरांना लोक हसले, ती मी दरवर्षी एकेक करून बरोबर ठरवत होतो. रेडिओवर, सगळ्या जगासमोर. ती ऐकेल म्हणून.”

“ती ऐकत होती, काका. दरवर्षी. पर्यायांच्या आधी उत्तर द्यायची.”

त्यांनी तोंडावर पंचा धरला. मग मी त्यांना दाराशी ठेवलेल्या बुटाचं सांगितलं, आणि ते एकदम ताठ झाले.

“डावा? तो तिच्याकडे आहे? मला वाटलं, जाताना रागानं फेकून दिला.” ते फडताळाकडे बघत राहिले. “म्हणजे ती माझी वाट बघत होती. मी इथे दार उघडं टाकून बसलो की ती येईल, आणि ती तिथे.”

संचालकांना मी सगळं समजावून सांगितलं. कार्ड कुणी दाखवलं नाही, कुणी पाहिलं नाही. तारीख मागून घेतली ती वाढदिवसासाठी, आणि टोकाची गोष्ट कार्डावर नव्हतीच. ते पहिल्यांदा म्हणाले की मी सुतावरून स्वर्ग गाठतेय. मग मी त्यांना दोन बुटांचं सांगितलं. मुलीवर ठपका राहणार नाही, बक्षीस तिचंच, असं त्यांनी कबूल केलं. पण काकांना जावं लागेल, रचलेले प्रश्न ते रचलेले प्रश्न. मी वाद घातला नाही. काकांनीही घातला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घेऊन धुलाईघराच्या माडीवर गेले. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. ते जिना हळूहळू चढले. बूट होता तिथेच होता, टोक आत. मुलगी दारात उभी राहून बाजूला झाली, पण ते आत गेले नाहीत. उंबऱ्यावरच बसले. खाली वाकून त्यांनी त्या बुटाला हात लावला, जसा ते फिरतीवरून आल्यावर लावत असतील. मग पिशवीतून उजवा काढून त्याच्या शेजारी ठेवला. एक लख्ख, एक धुळीनं राखाडी झालेला.

मुलगीही खाली बसली. तिला एव्हाना सगळं कळलं होतं. तरी ती घाबरत घाबरत बोलली.

“काका, म्हणजे ते बुटाचं खरं नव्हतं ना? माझं उत्तर चूकच होतं.”

काकांनी मान वर केली. आत ती उघडी खाट दिसत होती. त्यांना तिच्याकडे बघणं सोसत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती.

“बरोबर होतं, बाळ,” ते म्हणाले. “आलो की मी.”

मग त्यांना रडू आवरेना. मुलीनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या उत्तरांत चुका काढत आले. त्या उत्तरावर मी काही बोलले नाही.